ऐकण्याचा परवाना : हौशी रेडिओ-श्रोते, राज्यसंस्था आणि १९४२ चा लढा (नंदुरबारच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतातील रेडिओचा इतिहास बहुतांशी बोलणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणते केंद्र केव्हा सुरू झाले, कोणी कोणते कार्यक्रम सादर केले, शासनाचे धोरण काय होते, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली. ऐकणारा मात्र ‘श्रोतृवर्ग’ या समूहवाचक शब्दात विरून गेला. वस्तुतः रेडिओचे तंत्र भारतात रुजले ते ऐकण्याच्या छंदातून. खुंटी फिरवत दूरदूरची केंद्रे शोधणे, क्षीण आवाजातून शब्द वेचणे, ऐकलेल्याची वहीत नोंद ठेवणे हा जगभरच्या हौशी मंडळींचा विसाव्या शतकातील एक मोठा छंद होता. पुढे पोलीस, अग्निशामक दल वा विमानवाहतूक यांचे संदेश आपोआप टिपणारे ‘स्कॅनर’ नावाचे यंत्र आले आणि पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, त्याभोवती श्रोत्यांचे स्वतंत्र समुदाय उभे राहिले. भारतात मात्र या छंदाला आरंभापासून कायद्याची चौकट होती. येथे बोलण्याइतकेच ऐकणेही परवान्याच्या कक्षेत होते.

हा छंद आणि राज्यसंस्था यांच्यातील संबंधांचा ऐतिहासिक आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. १९४२ मधील काँग्रेस रेडिओ आणि त्याच काळातील नंदुरबारची घटना यांच्या आधारे, ‘कोणी काय ऐकावे’ हा प्रश्न स्वातंत्र्यलढ्यात किती कळीचा होता, हे येथे मांडले आहे.

छंदाकडून ध्वनिक्षेपणाकडे

भारतातील ध्वनिक्षेपणाची पहिली पावले शासनाने टाकलेली नाहीत. ती हौशी मंडळांनी टाकली. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. त्याच वर्षी कलकत्त्यात आणि १९२४ मध्ये मद्रासमध्ये तेथील क्लबांनी असे प्रयत्न केले. या क्लबांची साधने तुटपुंजी होती व प्रक्षेपणाचा पल्ला लहान होता. तरीही वर्गणीदार सभासदांच्या उत्साहावर हा उद्योग चालला. प्रक्षेपण करणारे आणि ऐकणारे यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते. दोघेही एकाच छंदाचे भागीदार होते.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले आणि या क्षेत्राला व्यावसायिक रूप आले. ग्राहक संचासाठी वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क होते आणि त्याचा मोठा हिस्सा कंपनीला मिळे. परंतु परवानाधारकांची संख्या काही हजारांतच राहिली. परवाना न काढता ऐकणारेही पुष्कळ होते. अखेर १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि शासनाने ध्वनिक्षेपण आपल्या हाती घेतले. जून १९३६ मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

१९३३ चा कायदा आणि श्रोत्याची नोंद

विनापरवाना ऐकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी संदेशवहन अधिनियम आला. तत्पूर्वीचा १८८५ चा तार अधिनियम मुख्यतः संदेशवहनाची यंत्रणा उभारणे व चालवणे यांवर नियंत्रण ठेवत होता. नव्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकून बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्यास शंभर रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या गुन्ह्यास अडीचशे रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. झडतीचा अधिकारही त्यात अंतर्भूत होता.

वरकरणी हा महसुलाचा कायदा होता. त्याचा परिणाम मात्र महसुलापुरता राहिला नाही. वृत्तपत्राच्या वाचकाला आपले नाव कोठे नोंदवावे लागत नव्हते. रेडिओच्या श्रोत्याला ते नोंदवावे लागे. कोणाच्या घरी ग्राहक संच आहे, याची शासनदरबारी नोंद होऊ लागली. शांततेच्या काळात ही नोंद केवळ शुल्कवसुलीची होती. युद्धकाळात तिचा अर्थ बदलणे अपरिहार्य होते.

हौशी प्रक्षेपकांची स्थिती याहून नाजूक होती. त्यांना स्वतंत्र परवाना आणि संकेतनाम मिळे. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हे परवाने रद्द झाले आणि प्रक्षेपक शासनाच्या स्वाधीन करण्याचे आदेश निघाले. कालपर्यंत छंद समजले जाणारे कौशल्य एका आदेशासरशी संशयास्पद ठरले.

काँग्रेस रेडिओ : छंदाचे राजकीय रूप

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधींसह प्रमुख नेत्यांना अटक झाली. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. काहींनी प्रकाशनच थांबवले. देशात काय घडत आहे, हे देशालाच कळू नये अशी स्थिती निर्माण झाली. या पोकळीत २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचे गुप्त प्रक्षेपण सुरू झाले. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी आदी कार्यकर्ते त्यामागे होते. डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्यांना मार्गदर्शन होते. शिकागो रेडिओ या ध्वनिवर्धकांच्या पेढीचे नानक मोटवानी यांनी साहित्य पुरवले.

प्रक्षेपकाची जुळणी नरिमन प्रिंटर यांनी केली. ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. प्रिंटर हे परवानाधारक हौशी रेडिओचालक होते आणि व्हीयू२एफयू हे त्यांचे संकेतनाम होते. १९३९ मध्ये परवाने रद्द झाल्यावर त्यांनी आपले यंत्र सुटे केले. ज्या ज्ञानाचा सार्वजनिक वापर शासनाने बंद केला, तेच ज्ञान तीन वर्षांनी भूमिगत चळवळीच्या कामी आले. लहरींचे गणितही तेच सुचवते. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७,०८० किलोहर्ट्झ. हौशी रेडिओचालकांमध्ये ‘चाळीस मीटर’ म्हणून ओळखला जाणारा पट्टा ७,००० किलोहर्ट्झपासून सुरू होतो. म्हणजे काँग्रेस रेडिओचा आवाज नेमक्या त्या पट्ट्यात उमटत होता, जेथून हौशी मंडळींना तीन वर्षांपूर्वी हुसकावून लावले होते.

अशा लघुलहरींवरील केंद्र ऐकण्यासाठी श्रोत्यालाही थोडी साधना लागे. स्थानिक केंद्र मध्यम लहरींवर सहज मिळत असे. लघुलहरींवर मात्र खुंटी केसाएवढी सरकली तरी केंद्र निसटते, हवामान आणि वेळ यांनुसार आवाज चढतो-उतरतो. या काळात बर्लिनहून सुभाषचंद्र बोस यांचा आवाजही लघुलहरींवरच येत होता. त्यामुळे ज्याला हा छंद होता, तो श्रोता आपोआप बातम्यांचा वाहक बनला. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घटना, आष्टी-चिमूर येथील दडपशाही असे विषय या केंद्रावरून मांडले गेले. एका संचाभोवती अनेक जण जमत आणि ऐकलेले पुढे तोंडोतोंडी जाई. म्हणून अशा प्रक्षेपणाचा प्रभाव परवान्यांच्या संख्येवरून मोजणे चुकीचे ठरेल.

पोलिसांना चुकवण्यासाठी केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मी येथील जागेवर छापा पडला. त्याआधी पोलिसांच्या हाती लागलेल्या प्रिंटर यांनी दिलेल्या माहितीचा त्यात वाटा होता. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलभाई झवेरी व नानक मोटवानी यांची सुटका झाली.

सर्वांत दक्ष श्रोता

काँग्रेस रेडिओचे श्रोते केवळ स्वातंत्र्यप्रेमी नागरिक नव्हते. शासनाचे नोकरही रोज कान देऊन ते ऐकत होते. पोलिसांच्या श्रवण-यंत्रणेने प्रक्षेपणांची टिपणे शब्दशः उतरवली आणि ती खटल्यात पुरावा म्हणून आली. भूमिगत कार्यकर्त्यांनी पुरावा मागे ठेवू नये हे स्वाभाविकच होते. त्यामुळे काँग्रेस रेडिओवरून काय बोलले गेले, हे आज तपशिलाने सांगता येते ते मुख्यत्वे पोलिसी टिपणांमुळे. उषा ठक्कर यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथामुळे ही सामग्री अभ्यासकांना सुलभ झाली.

येथे इतिहासलेखनाचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. दोन प्रकारचे श्रोते एकाच वेळी एकच आवाज ऐकत होते. एकाने ऐकलेले कागदावर उतरवून जतन केले. दुसऱ्याने ते जतन केले नाही, कारण जतन करणे धोक्याचे होते. परिणामी दडपणाऱ्याचे ऐकणे अभिलेखागारात पोहोचले आणि लढणाऱ्याचे ऐकणे स्मृतीतच राहिले. चोरून ऐकणाऱ्या नागरिकाची वही नाही, म्हणून त्याचे ऐकणे घडलेच नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

नंदुरबार : सप्टेंबर १९४२

हा मुद्दा नंदुरबारच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. त्या वेळी नंदुरबार हे पश्चिम खानदेश जिल्ह्यातील, तापी खोऱ्यातील लोहमार्गावरील व्यापारी गाव होते. मराठी, अहिराणी, गुजराती आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या भिली बोली यांचा येथे संगम होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नेत्यांच्या अटकेला महिना पूर्ण होत असताना, येथे विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. माणिक चौकातील स्मारक या घटनेची साक्ष देते.

काँग्रेस रेडिओ सुरू होऊन त्या दिवशी दोन आठवडेही झाले नव्हते. मुंबई ते नंदुरबार हे सरळ अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. चाळीस मीटरच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन एवढे अंतर पार करू शकतात. अर्थात, तांत्रिक शक्यता म्हणजे ऐतिहासिक पुरावा नव्हे आणि येथे तसा दावाही नाही. प्रतिपादन एवढेच आहे की, १९४२ मधील लहान गावांकडे केवळ आज्ञा पाळणारी ठिकाणे म्हणून पाहू नये. वृत्तपत्रे बंद असताना रेल्वेने येणारा प्रवासी, पेढीवरचे पत्र, गुप्त पत्रके आणि एखाद्या घरातील ग्राहक संच या सर्वांचे मिळून एक वार्ताजाल तयार होत असे. सर्वसामान्य विद्यार्थ्यालाही देशातील घडामोडींची जाणीव झाली ती अशा जालातून.

या जालाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. झडपांचा ग्राहक संच महाग होता आणि त्याला वीज किंवा जड बॅटरी लागे. स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशात परवानाधारक संच अडीच लाखांच्या आसपास होते आणि ऑल इंडिया रेडिओची केंद्रे केवळ सहा होती. अक्राणीच्या डोंगरातील पाड्यांपर्यंत रेडिओचा आवाज पोहोचण्यास ट्रान्झिस्टरचा काळ यावा लागला. खानदेशासाठी जळगावचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९७६ मध्ये. ऐकण्याचा परवाना जसा कायद्याने ठरत होता, तसाच तो आर्थिक स्थितीने आणि भूगोलानेही ठरत होता.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर कायद्याची चौकट कायम राहिली. १९४९ च्या दुरुस्तीने विनापरवाना प्रक्षेपक बाळगण्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. घरगुती रेडिओसाठी टपाल कार्यालयात जाऊन परवाना-पुस्तिकेवर शुल्क भरण्याची प्रथा १९८० च्या दशकापर्यंत चालू होती. अनेक कुटुंबांत त्या पुस्तिका आजही सापडतात. हौशी रेडिओसेवेच्या १९७८ च्या नियमांत तर केवळ लघुलहरी ऐकणाऱ्यांसाठी परवान्याचा स्वतंत्र वर्ग होता. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी प्राधिकाराची अट आहे. त्यामुळे पाश्चात्त्य देशांतील स्कॅनर-श्रोत्यांसारखे खुले समुदाय भारतात वाढले नाहीत.

दुसरीकडे, राज्यसंस्थेला या छंदाची उपयुक्तताही मान्य करावी लागली. जानेवारी २००१ मधील भूज येथील भूकंपानंतर आणि डिसेंबर २००४ मधील त्सुनामीच्या वेळी अंदमानात, नेहमीची दळणवळण-साधने कोलमडली असता हौशी रेडिओचालकांनी संदेशवहन सांभाळले. १९३९ मध्ये संशयित ठरलेला हा वर्ग आपत्तीच्या काळात साहाय्यक ठरला. नंदुरबारसारख्या डोंगराळ व पूरप्रवण जिल्ह्यात हे कौशल्य महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे म्हणूनच उचित ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, भारतातील ध्वनिक्षेपणाचा पाया हौशी मंडळांनी घातला आणि शासन त्यानंतर आले. दुसरा, १९३३ च्या कायद्याने श्रोता हा नोंदणीचा विषय बनला. त्यामुळे ऐकणे या कृतीला राजकीय अर्थ प्राप्त झाला. तिसरा, काँग्रेस रेडिओ हे केवळ नेत्यांच्या प्रेरणेचे फळ नव्हते. त्यामागे हौशी रेडिओचे तांत्रिक कौशल्य होते. चौथा, या लढ्याची लेखी साधने मुख्यतः शासनाच्या श्रवण-यंत्रणेने निर्माण केली असल्याने सामान्य श्रोत्याचा इतिहास स्थानिक पातळीवरच शोधावा लागेल.

हा शोध जुन्या परवाना-पुस्तिका, पेढ्यांची दप्तरे, दुरुस्तीच्या दुकानांतील संच आणि वृद्धांच्या आठवणी यांतून घेता येईल. १९४२ ची पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. तिच्या मुलांनी ऐकलेल्या हकिकती मात्र अद्याप शिल्लक आहेत. माणिक चौकात बलिदान करणाऱ्यांची नावे दगडावर कोरली गेली. त्या वर्षी बंद दाराआड आवाज हळू करून ऐकणाऱ्यांची नोंद घेणे, हे खानदेशातील इतिहास विभागांसमोरील कार्य आहे.