खिळ्यांपासून फायलींपर्यंत

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या पुरात असंख्य ग्रंथ आणि कागदपत्रे भिजली. परंतु जो कागद वाळवून जपला गेला, तो आजही वाचता येतो. याउलट, १९९५ च्या सुमारास संगणकावर जुळवलेल्या मराठी मासिकाची फाइल आज उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसण्याचाच संभव अधिक. पुराविना घडलेल्या या हानीचा इतिहास आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे मराठी मुद्रण प्रामुख्याने शिशाच्या खिळ्यांवर चालले. जोडाक्षरांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागत. फर्मा छापून झाला की जुळारी ते सोडवून पुन्हा घरांत टाकी. मागे उरे तो छापील अंक. म्हणून अंक जपणे म्हणजेच साहित्य जपणे होते.

संगणकाने ही स्थिती पालटली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. तिची जिस्ट प्रणाली आणि पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांमुळे पेजमेकरवर मराठी पाने लावता येऊ लागली. ब्रोमाइड, पॉझिटिव्ह, पेस्टिंग हे शब्द रूढ झाले. परंतु या सोयीत एक तडजोड दडलेली होती. बहुतेक टंकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. टंक गेला की मजकूर गेला. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक निश्चित झाले, तरी पानांच्या फायली टंकाच्याच आधीन राहिल्या.

युनिकोडने अक्षराला टंकनिरपेक्ष क्रमांक दिला. तथापि पेजमेकरला युनिकोड देवनागरी पेलत नव्हती, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय २०१२ साली आली. मधल्या काळात लेखक युनिकोडमध्ये लिहीत आणि अक्षरजुळणीकार तो मजकूर परिवर्तकातून जुन्या टंकात उतरवीत. या उलटापालटीत 'आचाऱ्यास' दिलेली दक्षिणा 'आचार्यास' पोहोचावी, असे प्रमाद सहज घडतात. मुद्रितशोधकाचे काम हलके होण्याऐवजी वाढले.

आमच्या मते खरा प्रश्न यंत्राचा नसून स्मृतीचा आहे. पीडीएफ हा पुरेसा उपाय नव्हे. जुन्या टंकातील पीडीएफ डोळ्यांना शुद्ध दिसते, पण तिच्यात एखादा शब्द शोधू जावे तर सापडत नाही. जुन्या फायली, त्यांचे टंक आणि युनिकोडमधील शोधित संहिता ही तिन्ही एकत्र जपली पाहिजेत. ज्यांनी ती पाने लावली, त्या जुळणीकारांना कोणता टंक कोठे वापरला हे अजून आठवते. ती आठवण विझण्यापूर्वी हे काम व्हावे. अन्यथा आपल्या वाङ्मयाची अगदी अलीकडची दशकेच अभ्यासकाला सर्वांत दुर्बोध ठरतील.