दरसालची नवी आवृत्ती : डागडुजी की नवलाई?

नवेगाव बांधच्या तलावाकाठी उभे राहिले म्हणजे मनुष्याच्या कर्तृत्वाविषयी एक निराळाच आदर मनात उत्पन्न होतो. डोंगरांच्या कुशीत बांध घालून अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा जलाशय निर्माण केला, असे परंपरा सांगते. त्यानंतर राज्ये बदलली. भोसले गेले, इंग्रज आले आणि गेले. भंडारा जिल्हा १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १९९९ मध्ये त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तलाव मात्र आपल्या जागी आहे. तो कोलू पाटलांनी बांधला म्हणून आहे, हे खरे. परंतु त्यांच्यामागून आलेल्या पिढ्यांनी तो राखला म्हणून आहे, हे त्याहूनही खरे.

आज आम्हांला बोलायचे आहे ते संगणकाविषयी. आणि आरंभ केला तलावापासून, म्हणून श्रोत्यांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. पण प्रश्न एकाच जातीचा आहे. संगणक आणि भ्रमणध्वनी ज्या मूळ आज्ञावलीवर चालतात, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, तिची नवी आवृत्ती आता दर वर्षी येते. सेवा केंद्रात सातबारा काढायला गेलेला शेतकरी खोळंबून उभा असतो आणि पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका’ अशी सूचना फिरत असते. तासाभराने यंत्र सुरू होते. चित्रे बदललेली असतात, नेहमीच्या खुणा नेहमीच्या जागी नसतात, आणि सातबारा मात्र होता तसाच निघतो. तेव्हा सहजच कोणी विचारतो, की या खटाटोपाने नेमके काय साधले? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दर वर्षी नवी आवृत्ती हा काही संगणकशास्त्राचा सनातन नियम नव्हे. ती अलीकडची रीत आहे. विंडोज ९५ ही प्रणाली १९९५ मध्ये आली. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली, आणि तिच्यामागून सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती व्हिस्टा पडायला २००७ साल उजाडले. मध्ये पाच वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्यामुळे जगाचे काही अडले नाही. अ‍ॅपल कंपनीने आपल्या संगणकांसाठी दर वर्षी नवी आवृत्ती काढण्याचा क्रम २०१२ पासून धरला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ही प्रणाली २०१५ मध्ये आणली, तेव्हा ही विंडोजची शेवटचीच आवृत्ती, असे त्या कंपनीतील एका तंत्रज्ञाने म्हटले होते. पुढे २०१७ पासून वर्षातून दोनदा मोठे बदल येऊ लागले. आणि २०२१ मध्ये, शेवटची म्हटलेली आवृत्ती मागे टाकून, विंडोज ११ आली व वार्षिक क्रम सुरू झाला. २०२५ मध्ये तर अ‍ॅपलने आवृत्तीचा क्रमांकच पुढील वर्षाच्या आकड्यावरून, म्हणजे २६, असा ठेवला. मोटारीचे नवे मॉडेल ज्या न्यायाने निघते, त्याच न्यायाने प्रणालीही निघू लागली.

आता या प्रणालींनी मराठी माणसाला खरोखर काय दिले, हे पाहू. हा हिशोब आपल्या घरचा आहे, म्हणून तो आपल्याला नीट तपासता येईल.

१९९० च्या दशकात संगणकावर मराठी लिहिता येत नव्हते, असे नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने आणि खाजगी कंपन्यांनी त्यासाठी साधने तयार केली होती व त्यांवर वृत्तपत्रे निघत होती. पण प्रत्येकाचा टंक निराळा आणि त्यामागची संकेतलिपी निराळी. एका कचेरीत टंकलेला मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडला, की ‘माननीय महोदय’ याच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. मजकूर शोधता येत नसे, नावे अकारविल्हे लावता येत नसत. म्हणजे संगणक होता. पण मराठीपुरता तो एक महागडा टंकलेखनयंत्र होता.

यावर उपाय म्हणून जगातील सर्व लिप्यांना एकच संकेत देणारी युनिकोड ही योजना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला जागा मिळाली, आणि त्यासाठी भारतात आधीच तयार झालेल्या इस्की या संकेताचा आधार घेण्यात आला. परंतु कागदावरची योजना म्हणजे हातातले साधन नव्हे. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी प्रथम २००० साली, विंडोज २००० या आवृत्तीत आली. एक्सपीमध्येही ती होती. पण ती मुद्दाम चालू करावी लागे, आणि त्यासाठी बहुधा मूळ तबकडी हाताशी लागे. ज्याला हे ठाऊक नव्हते, त्याच्या संगणकावर मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. व्हिस्टापासून ही सोय आपोआप मिळू लागली. म्हणजे योजनेपासून सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत मराठी पोचायला सुमारे सोळा वर्षे लागली. या सोळा वर्षांत ज्या दोन-तीन आवृत्त्यांनी हे काम केले, त्यांना आम्ही अर्थपूर्ण सुधारणा म्हणू. त्यांनी लक्षावधी माणसांना, पूर्वी जे करता येत नव्हते, ते करता येईल असे केले.

आणखी एक लहानसे उदाहरण घ्या. ‘अ’वर चंद्र असलेला ‘ॲ’ हा आपला स्वर. ‘ॲड’, ‘ॲम्ब्युलन्स’ असे शब्द आपण रोज लिहितो. हिंदीत यासाठी ‘ए’वर चंद्र देतात, त्या अक्षराला संकेतात पहिल्यापासून जागा होती. मराठी ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर ‘अ’ आणि चंद्र यांची अदृश्य चिन्हाने गाठ मारून ते अक्षर साधावे लागे, आणि कित्येक यंत्रांवर ती गाठ सुटलेली दिसे. संकेतात जागा मिळाल्यावरही टंकात त्याची आकृती येईपर्यंत वाट पाहावी लागलीच. जाहिरातीत या अक्षराचा उल्लेख कोणी केल्याचे आम्हांला आठवत नाही. पण मराठी लेखनाच्या दृष्टीने अनेक रंगीबेरंगी नवलाईंपेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

रुपयाच्या चिन्हाची हकिकत याच्या उलट बाजूने बोधप्रद आहे. मुंबईच्या आय. आय. टी.त त्या वेळी संशोधन करणारे उदय कुमार यांनी रेखाटलेले चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडमध्ये त्याला जागा मिळाली. आणि २०११ मध्ये एका छोट्या दुरुस्तीच्या रूपाने ते विंडोज ७ मध्ये येऊन पोचले. नवी आवृत्ती नाही, गाजावाजा नाही, मांडणीत फेरफार नाही. यावरून असे दिसते, की खरी गरज भागवायला दर वेळी सबंध घर नव्याने बांधावे लागतेच असे नाही. कित्येकदा एक वीट बसवली तरी पुरते.

येथे डागडुजी आणि नवलाई यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. अपडेट या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी आपल्या हाती येतात. एक, उघडकीस आलेली छिद्रे बुजवणारी दुरुस्ती. दुसरी, नवी मांडणी आणि नव्या सोयी आणणारी आवृत्ती. पहिलीची गरज किती, हे २०१७ साली जगाला कळले. विंडोजमधील एक गंभीर छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या यंत्रांत मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस शिरला आणि त्याचा उपद्रव सुमारे दीडशे देशांत झाला. जूनच्या २७ तारखेला ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा उत्पात झाला, आणि त्याची झळ थेट आपल्या उंबरठ्याशी आली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या कंपनीकडे असलेल्या धक्क्याचे काम ठप्प झाले. पाळीतले भगदाड वेळीच बुजवले नाही तर काय होते, याचे हे उदाहरण.

परंतु इतिहास आपल्याला एकच बाजू दाखवून थांबत नाही. हा नॉटपेट्या जगात पसरला कोणत्या वाटेने? युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच तो घुसवण्यात आला होता! शिवाय तो चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या आधारेही पसरत असल्यामुळे, दुरुस्ती बसवलेली यंत्रेही त्याच्या तावडीतून सुटली नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची सहामाही आवृत्ती काही लोकांच्या फायली पुसून टाकते असे आढळल्याने ती मागे घ्यावी लागली. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संरक्षक सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. हे अपडेट ऑपरेटिंग सिस्टीमचे नव्हते, हे खरे. पण घाईने सर्वत्र एकदम केलेला बदल किती महाग पडतो, हे त्यावरून समजते.

कोणी म्हणेल, की तलावाची पाळही दर वर्षी पाहावीच लागते. मग प्रणालीच्या वार्षिक क्रमालाच तेवढी नावे का ठेवता? आक्षेप योग्य आहे. पण तलावाच्या बाबतीत वर्षाचा क्रम पावसाने ठरवलेला आहे. दर पावसाळ्यात पाळीवर भार येतो, म्हणून दर उन्हाळ्यात तिची पाहणी. प्रणालीवरचा धोका मात्र कोणत्या महिन्यात येईल, याचे पंचांग नाही. म्हणून तिची डागडुजी महिन्यामहिन्याला, प्रसंगी त्याच दिवशी, झाली पाहिजे. आणि तशी ती होतेही. उलट नव्या सोयींना वर्षाचे बंधन कोणी घातले? बाजाराने. नवी उपकरणे ठराविक हंगामात विकायची असतात, आणि त्यांबरोबर दाखवायला काही नवे लागते. मग जे तयार झाले ते, आणि जे पुरते झाले नाही तेही, त्याच मुहूर्तावर बाहेर पडते. २००९ मध्ये अ‍ॅपलने ‘स्नो लेपर्ड’ ही आवृत्ती आणताना तीत नवी वैशिष्ट्ये शून्य आहेत, असे जाहीरपणे सांगितले होते. सारा भर आतील घडी नीट बसवण्यावर होता. तिच्याविषयी जाणकार अजून आपुलकीने बोलतात. डेबियन या मुक्त प्रणालीची मंडळी तर आवृत्ती तयार झाली म्हणजेच बाहेर काढायची, अशा परंपरेने चालतात. साधारण दोन वर्षांनी ती येते. म्हणजे दुसरी रीत अशक्य नाही.

या वार्षिक दौडीचा भार शेवटी कोणावर पडतो, हा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी ठराविक सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ मध्ये घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक नव्या आवृत्तीला अपात्र. आणखी एका वर्षाची दुरुस्ती देण्याची सोय कंपनीने केली; पण एक वर्ष म्हणजे किती? शहरातल्या कचेरीला नवे यंत्र घेणे कठीण नाही. पण गावच्या शाळेने, वाचनालयाने, ज्या सेवा केंद्रात धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी होते त्याच्या चालकाने काय करावे? जुन्या यंत्रावर काम चालू ठेवले तर छिद्रे उघडी. नवे घ्यावे तर पैसे कोठून आणावेत?

या प्रांताला हा अनुभव नवा नाही. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. ती जायलाच हवी होती, याविषयी दुमत नाही. पण तिच्याबरोबर शेकडो तलाव-बोड्यांची वहिवाटीची देखभालही सैल झाली. मालकी सरकारकडे गेली. पण दर उन्हाळ्यात गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी पाहायची, याची घडी पूर्वीसारखी बसली नाही. अनेक तलाव गाळाने भरले. ते काही मुळात वाईट बांधलेले नव्हते. त्यांना राखणारा हात निघून गेला होता. चांगल्या यंत्राचा आधार काढून घेतला म्हणजे त्याचीही हीच गत होते.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे. प्रणालींत अर्थपूर्ण सुधारणा झाल्या आहेत, आणि मोठ्या झाल्या आहेत. परंतु त्या वर्षाच्या हिशोबाने आलेल्या नाहीत. कधी एका आवृत्तीने युग बदलले, कधी चार आवृत्त्यांनी केवळ रंग बदलले. डागडुजी ही चैन नाही. ती अखंड चालली पाहिजे, आणि ग्राहकाने ती टाळू नये. नवी आवृत्ती मात्र तीन प्रश्न विचारून पारखावी. पूर्वी न होणारे कोणते काम तिने होऊ लागले? पूर्वी होणारे कोणते काम तिने बिघडले? आणि तिच्यासाठी चालते यंत्र टाकून द्यावे लागते काय? शाळा, पंचायती आणि सरकारी खाती यंत्रे घेताना किमतीइतकाच आधाराच्या वर्षांचा करार पाहू लागतील, तर या प्रश्नांना कंपन्यांनाही उत्तर द्यावे लागेल. जुन्या यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवण्याचा मार्गही आहे. मात्र ती सांभाळणारा माणूस गावात तयार करावा लागेल. त्यावाचून तीही पोरकी.

कोलू पाटलांच्या मागून आलेल्यांनी दर वर्षी नवा तलाव खणला नाही, आणि आहे तो दुर्लक्षाने फुटूही दिला नाही. पाळ राखली, पाणी वाटले, आणि गरज पडली तेथेच नवे काम काढले. तीन शतकांनंतर या पाण्यावर पक्षी उतरतात आणि धान पिकते, ते या साध्या वागणुकीमुळे. यंत्रयुगातही हेच शहाणपण आम्हांला पुरेसे वाटते.