मुलुंडहून गावी आलेला जुना कॉम्प्युटर अडकतोय? पैसे न घालवता घरीच करा साफसफाई. पण आधी फोटो आणि कागदपत्रं काढून ठेवा

मुलुंड : मुलुंड, भांडुप, घाटकोपर भागात कोकणातली बरीच कुटुंबं राहतात. तिकडे मुलांसाठी नवा लॅपटॉप आला की जुना कॉम्प्युटर गणपतीला किंवा मे महिन्यात गाडीत टाकून गावी आणला जातो. गावी तो ऑनलाइन फॉर्म भरायला, सातबारा काढायला, पोरांच्या अभ्यासाला कामाला येतो. पण चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात, मध्येच अडकतो. मग 'बिघडला' म्हणून कापड टाकून कोपऱ्यात ठेवला जातो.

पुष्कळदा तो बिघडलेला नसतो, नको त्या गोष्टींनी भरलेला असतो. साफसफाईची साधनं विंडोजमध्येच फुकट दिलेली आहेत. ती कोणत्या क्रमानं वापरायची, ते इथे पाहू.

सगळ्यात आधी काय करायचं?

घरातले फोटो, दाखले, गुणपत्रिका, पीकविम्याच्या पावत्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. कॉपी उघडते का, तेही तपासा. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका. कॉम्प्युटर दुसरा मिळेल, लग्नाचे फोटो परत मिळत नाहीत.

१) रीस्टार्ट करा

बऱ्याच कॉम्प्युटरवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं. त्यामुळे 'शट डाऊन' केलं तरी विंडोजचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. छोटे अडथळे एवढ्यानंच जातात.

२) कचरा काढा

सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज उघडा. तिथे 'टेम्पररी फाइल्स' दिसतील. यात तात्पुरत्या फाइल्स, अपडेटचे जुने तुकडे, रिसायकल बिनमधला माल असतो. टिक करून काढून टाका.

इथे एक धोका आहे. त्याच यादीत 'डाऊनलोड्स'ही असतं. उतरवलेला सातबारा, हॉलतिकीट, पावती बहुधा तिथेच पडलेली असते. त्यापुढे टिक असेल तर आधी काढा.

३) आपोआप सुरू होणारे प्रोग्राम थांबवा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यातल्या 'स्टार्टअप' भागात कॉम्प्युटर चालू होताच मागे सुरू होणाऱ्या प्रोग्रामची यादी असते. जे रोज लागत नाही त्यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्राम निघून जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो. अँटीव्हायरसला हात लावू नका.

४) विंडोजची दुरुस्ती

लाइट अचानक गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो आणि कधीकधी विंडोजच्या फाइल्स बिघडतात. त्यासाठी 'सिस्टिम फाइल चेकर' आहे. स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधा, उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरं एस, एफ, सी टाईप करा. एक जागा सोडून स्लॅश द्या, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ. तिला जोडून 'स्कॅननाऊ' हा शब्द मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. बिघडलेली फाइल सापडली तर शक्यतो तिथेच दुरुस्त होते. वेळ लागतो, त्यामुळे लाइट जाण्याच्या वेळेत हे काम करू नका.

डिस्क तपासायची असेल तर 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हवर उजवं क्लिक करा. प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं जा. तिथेच 'ऑप्टिमाइझ' आहे. जुन्या, फिरणाऱ्या हार्डडिस्कला त्याचा फायदा होतो. एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच काळजी घेतं, वेगळा डीफ्रॅग प्रोग्राम टाकू नका.

५) व्हायरस तपासा

'विंडोज सिक्युरिटी'मध्ये डिफेंडर असतो. त्याचं 'फुल स्कॅन' एकदा करा. दोन-दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, त्यानंही कॉम्प्युटर मंदावतो.

'क्लीनर' उतरवायचा का?

'एका क्लिकमध्ये दहापट वेग' अशा जाहिराती येतात. लागत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनंच म्हटलेलं आहे. नावाजलेल्या प्रोग्राममध्येही धोका होऊ शकतो. २०१७ मध्ये 'सीक्लीनर' या प्रसिद्ध प्रोग्रामच्या एका आवृत्तीत हॅकरनी घातक कोड घुसवला. ती आवृत्ती जगभरात सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर गेली होती.

स्क्रीनवर फोन नंबर आला तर?

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' अशी खिडकी आली, तर ती फसवणूक समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो आणि कंपनी आपणहून फोन करत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे टाकले. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून बोगस टेक सपोर्ट कॉल सेंटरवरही त्यात कारवाई झाली. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

कारागिराकडे कधी न्यायचा?

हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर साफसफाई थांबवा, आधी फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा. ती डिस्क कधीही जाऊ शकते. पंखा जोरात घोंघावून कॉम्प्युटर बंद पडत असेल तर आत धूळ साचलेली असते. वायर काढून, बाजूचं झाकण उघडून मऊ ब्रशनं हलक्या हातानं झाडा. ओलं फडकं लावू नका. एवढं करून फरक पडला नाही, तर जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवून घ्या. जुन्या मशीनला सगळ्यात मोठा फरक त्यानंच पडतो.

विंडोज १० असेल तर

त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची सोय कंपनीनं केली. अपडेट येत नसलेल्या कॉम्प्युटरवर अभ्यास, टायपिंग चालेल. बँकेचे व्यवहार मात्र टाळा.

मुंबईकरांनी पाठवताना

जुना कॉम्प्युटर गावी देण्याआधी आपल्या फाइल्स काढून घ्या आणि 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. तुमचा ईमेल, पासवर्ड त्यात राहणार नाही आणि गावातल्या पोरांना पहिल्या दिवसापासून मोकळा कॉम्प्युटर मिळेल. हा मजकूर मुलुंडच्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर आत्ताच पाठवून ठेवा, गाडी भरण्याआधी.