पडद्यावरची सुनावणी, पडद्याआडचा वकील

जुलै १९०१. सिएटल बंदरात सोळा वर्षांची एक जपानी मुलगी उतरली आणि काही दिवसांतच तिला हद्दपारीसाठी ताब्यात घेण्यात आले. तिची चौकशी इंग्रजीत झाली. ती भाषा आपल्याला येत नव्हती आणि सोबत वकीलही नव्हता, अशी तिची तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०३ च्या ‘यामाताया विरुद्ध फिशर’ या निकालात न्यायालयाने एक मोठे तत्त्व मान्य केले : अमेरिकेच्या भूमीवर पोहोचलेल्या परकीयाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याविना बाहेर घालवता येणार नाही. मात्र भाषा न समजणे हे तिचे दुर्दैव ठरले आणि हद्दपारी कायम राहिली.

तत्त्व मान्य आणि माणूस अमान्य, ही जोडी पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्याआधी दहा वर्षे, १८९३ मध्ये, चिनी मजुरांच्या प्रकरणात याच न्यायालयाने हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असे ठरवले होते. वाक्य लहान, परिणाम दीर्घ. शिक्षाच नाही म्हटल्यावर फौजदारी आरोपीला मिळणारा सरकारी वकीलही नाही. आजचा कायदा स्थलांतरिताला वकील नेमण्याची मुभा देतो, पण सरकारी खर्चाने नव्हे. २००७ ते २०१२ या काळातील बारा लाखांवर प्रकरणांच्या अभ्यासात स्थानबद्धांपैकी केवळ १४ टक्क्यांना वकील लाभल्याचे दिसले.

अशा व्यवस्थेत १९९६ च्या कायद्याने पडदा आणला. व्हिडिओद्वारे घेतलेली सुनावणी प्रत्यक्ष सुनावणीसारखीच ग्राह्य ठरली, आणि त्यासाठी स्थलांतरिताची संमती आवश्यक राहिली नाही. गंमत अशी की, मुख्य सुनावणी दूरध्वनीवर घ्यायची तर संमती लागते. चित्र दिसू लागले की ती लागत नाही!

न्यायाधीश शहरात, स्थानबद्ध माणूस दूरच्या कोठडीतील कॅमेऱ्यासमोर. मग वकिलाने बसायचे कुठे? न्यायाधीशांसमोर बसला तर अशिलाच्या कानात दोन शब्द सांगता येत नाहीत. अशिलाशेजारी बसला तर न्यायाधीश, सरकारी वकील आणि कागदपत्रे पडद्यापलीकडे राहतात. २००२ मध्ये चौथ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापुढे रुमानियातून आलेल्या एका आश्रयार्थीचे प्रकरण आले. त्याची सुनावणी यंत्रांच्या बिघाडाने आणि अस्पष्ट बोलण्याने विस्कळीत झाली होती. वकिलाची ही अवस्था, आपल्या भाषेत ‘इकडे आड, तिकडे विहीर’, न्यायालयाने स्वतः नोंदवली. परंतु सुनावणी नीट झाली असती तर निकाल बदलला असता हे सिद्ध झाले नाही, म्हणून अपील फेटाळले. १९०३ ची आठवण होते ती इथे.

२०१५ मध्ये कायद्याच्या अभ्यासक इन्ग्रिड ईगली यांनी देशभरातील स्थानबद्धांची प्रकरणे तपासली. पडद्यावर माणूस लहान दिसतो, म्हणून न्यायाधीश अधिक कठोर होत असतील, असा आपला तर्क. निष्कर्ष वेगळा निघाला. पडद्यावरच्या स्थानबद्धांना हद्दपारीचा आदेश अधिक वेळा मिळत होता, पण न्यायाधीश त्यांचे अर्ज अधिक नाकारत होते म्हणून नव्हे. मुळात ही माणसे वकील कमी वेळा करीत होती, दिलाशाचे अर्ज कमी करीत होती, स्वेच्छेने देश सोडण्याची परवानगीसुद्धा कमी मागत होती. ती लढाईतच उतरत नव्हती. मला या संपूर्ण इतिहासात हीच बाब सर्वांत अस्वस्थ करते, कारण कोणत्याही एका निकालपत्रात ती दिसणार नाही.

न्यायालय म्हणजे केवळ न्यायाधीशांचे आसन नव्हे, हे न्यू यॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवरील न्यायालयात स्पष्ट होते. २०१३ पासून तेथे शहराच्या निधीतून एक योजना चालू होती : गरीब स्थानबद्धांना मोफत वकील. कोठड्यांतून माणसे पहिल्या तारखेला तेथे आणली जात, आणि वकील त्याच सकाळी त्यांना तेथेच भेटून प्रकरण समजून घेत. नाव, गाव, मुलेबाळे, परत गेल्यास असलेली भीती, सारे समोरासमोर. बाकांवर नातेवाईक असत. कोठडी कितीही दूर असो, वकील आणि अशील यांची गाठ पडण्याची एक निश्चित जागा होती.

एप्रिल २०१७ मध्ये स्थलांतर न्यायालयांविषयी सरकारनेच करवून घेतलेल्या एका अहवालाने शिफारस केली की व्हिडिओचा वापर केवळ प्रक्रियात्मक तारखांपुरता ठेवावा. पडद्यावर नजर आणि देहबोली वाचणे कठीण जाते, हे त्यामागचे एक कारण. जून २०१८ मध्ये स्थानबद्धांना व्हॅरिक स्ट्रीटवर आणणेच थांबले आणि सुनावण्या पडद्यावर गेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या योजनेतील वकिलांच्या संस्थांनी फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. त्यांची मागणी एवढीच होती की अशिलांना पूर्वीप्रमाणे न्यायालयात प्रत्यक्ष आणावे.