मेंढरांचा वाडा आणि मुरघासाची पिशवी



भातकापणी उरकली, झोडणी संपली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या मोकळ्या शेतात मेंढरांचा वाडा उतरतो. पुढे काळ्या मेंढरांचा कळप. मागे घोडीच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड: भांडी, जाळी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं. आणि घोडीची दोरी धरून चालणारी धनगराची बाई. आपल्यापैकी कितीतरी जणींनी तिला हंडाभर पाणी दिलं असेल, भाताच्या बदल्यात आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतली असतील. पण ती एवढ्या लांबून दर वर्षी का येते, हे आपण फारसं विचारलेलं नाही. तिच्या चालण्यामागे चाऱ्याचा मोठा इतिहास आहे. आज तो सांगतो.

सह्याद्रीच्या पलीकडे, घाटावर, पाऊस हात आखडता घेतो. पारनेर तालुक्यातली ढवळपुरी आणि तिच्यासारखी गावं त्या कोरड्या पट्ट्यातली. तिथली दख्खनी मेंढी काटक. खुरटं गवत, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला यावर ती तग धरते. पण दिवाळीनंतर माळ उघडे पडतात. मग कळप घाट उतरतात. माळशेजवरून मुरबाडकडे, कसाऱ्याच्या बाजूने शहापूरकडे. इथे भाताची धसकटं, बांधावरचं गवत आणि रानातला पाला मिळतो. आपल्या शेताला लेंडीखत मिळतं. मृगाआधी ते परत वर जातात, कारण कोकणातल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात.

म्हणजे पाहा, घाटावरच्या माणसाने चारा साठवून ठेवला नाही, तो चाऱ्यापर्यंत चालत गेला. आपण पणजीने पेटीत ठेवलेल्या धान्याचं कौतुक करतो. धनगरणीची पेटी म्हणजे ही वाट होती.

वाट असूनही दुष्काळाने सोडलं नाही. 1876 ते 1878 चा दुष्काळ, मग 1896 ते 1900 ची लागोपाठची वाईट वर्षं, आणि ज्याच्या आठवणी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या तो 1972 चा. अशा वर्षांत लोकांनी फड्या निवडुंगाचे काटे जाळावर भाजून तोच जनावरांना घातला. ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड, शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, माळावरचं पवना आणि मारवेल गवत, या सगळ्या कमी पाण्यावर जगणाऱ्या वनस्पती. घाटावरची गुरं-मेंढरं यांच्यावरच तगली. पण साठवायचं ते वाळवून. हिरवं साठवण्याची रीत नव्हती.

आपल्याकडे तर उलटंच. पाऊस धो-धो, गवत कमरेएवढं. पण सप्टेंबरात गवत फुलोऱ्यावर, म्हणजे ऐन कसात असतं, तेव्हा वाळवायला ऊन नाही. दसऱ्यानंतर ऊन पडतं, तोवर गवताचं बी झडून गेलेलं, काडी कडक झालेली. असं वाळलं गवत आपण विकत आलो. 1855 मध्ये रेल्वे वासिंदपर्यंत आली, 1861 पर्यंत कसाऱ्याला पोचली. मुंबईत तेव्हा घोडागाड्या होत्या, 1874 पासून घोड्यांच्या ट्रामही होत्या, म्हशींचे तबेले होते. इथलं गवत दाबून, गासड्या बांधून तिकडे गेलं. गवत गाडीत बसून मुंबईला उतरलं आणि मेंढरं पायी घाट उतरली. दोघांची गाठ मात्र पडली नाही.

आता मुरघासाकडे येऊ. मुरघास म्हणजे हिरवा चारा बारीक कापून, दाबून, हवा बंद करून मुरवायचा. चाऱ्यातल्या साखरेचं आम्ल होतं आणि ते आम्लच चारा टिकवतं. यात आपल्याला परकं काही नाही. हवा कोंडून धान्य टिकवणारी पेवं महाराष्ट्रात पूर्वापार होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच. पेवात कोरडं ठेवतात, मुरघासात ओलं, एवढाच फरक. फ्रान्समधल्या ऑग्युस्त गोफार या शेतकऱ्याने मक्याच्या मुरघासावर 1877 मध्ये पुस्तक लिहिलं आणि ही रीत जगभर पसरली. 1877, म्हणजे आपल्याकडे लोक निवडुंग भाजत होते तेच साल.

मग तो मुरघास मेंढीपर्यंत यायला इतकी वर्षं का लागली? आम्हाला त्याचं उत्तर साधं वाटतं. खड्ड्याला जमीन लागते. ज्याची जमीन त्याचा खड्डा, आणि त्याच्या गायीला मुरघास. संकरित गायी आल्या, दूध डेअऱ्या आल्या, तसा मुरघास बागायतदाराच्या गोठ्यात पोचला. वाड्यावरच्या बाईचा मुक्काम दोन रात्रींचा. ती खड्डा कुठे खणणार? चारा छावण्यांतही हेच झालं. छावणी म्हणजे गाय-बैल-म्हैस, असाच हिशेब वर्षानुवर्षं होता. शेळ्या-मेंढ्यांसाठी छावण्या काढायचा निर्णय व्हायला 2019 साल उजाडलं.

अलीकडे थोडं बदललं आहे. मेंढी व शेळी विकास महामंडळ 1978 पासून पुण्यात आहे. 2017 मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. त्यात मुरघासाच्या गासड्या बांधायच्या यंत्राला 50 टक्के अनुदान ठेवलं. भटकंती करणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांसाठी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचं चराई अनुदानही आलं, महिन्याला 6000 रुपये. शिवाय आता जाड प्लास्टिकच्या पिशवीत मुरघास भरता येतो. खड्डा नको, आणि पिशवी टेम्पोतून हलवताही येते.

म्हणून काही जण म्हणतात, आता चालायचं कशाला? एका जागी बसा, मुरघास घाला. इथे आम्ही थांबून विचार करायला सांगतो. वाटा खरंच बंद होत आहेत. आपल्याच तालुक्यांत जमिनी विकल्या जातात, प्लॉटला तारेचं कुंपण पडतं, मोठे रस्ते आडवे येतात. पण वाडा यायचा थांबला तर आपल्या भातशेतीचं लेंडीखत थांबेल, आणि वर्षभर बसल्या जागी कळप पोसायचा चारा कोरड्या माळावर पिकणार नाही. मुरघास हा चालण्याचा पर्याय नव्हे. मे महिन्यात पाला संपतो, पावसाळ्यात कळपाला बाहेर काढता येत नाही, अशा अडलेल्या दिवसांची ती शिदोरी आहे.

यात आपल्या बचत गटांना जागा आहे. तानसा धरण 1892 मध्ये बांधून झालं, पुढे भातसा झालं. धरणं आपल्या उशाशी, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात टँकर आपल्याच पाड्यांवर. त्यामुळे पाणी पिणारी पिकं आपल्यालाही परवडत नाहीत. पण पावसावर फुकट वाढणारं गवत आहे. वाळवायला सलग कडक ऊन लागतं, मुरवायला मात्र पावसाची दिवसभराची उघडीप पुरते. थोडी ओल असेल तिथे चाऱ्याची ज्वारी किंवा मका घेता येतो.

करताना एवढं जपा. गवत फुलोऱ्यावर कापा, ज्वारी-मका दाणा चिकात असताना. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी मेंढीला ओली चारू नका, किराळ लागतं. कुट्टी बोटाच्या पेराएवढी करा. मुठीत दाबून पाहा: गोळा राहावा, पण पाणी गळू नये. नुसत्या गवताला गुळाचं पाणी किंवा मळी शिंपडा, कारण त्यात साखर कमी असते. थर देऊन तुडवा, तोंड घट्ट बांधा आणि दीड महिना उघडू नका. पिशवीला उंदराने भोक पाडलं तर लगेच चिकटपट्टी लावा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बुरशी आलेला, कुजका वास येणारा मुरघास मेंढीला कधीच घालू नका. त्यातल्या लिस्टेरिया जंतूंचा त्रास गायीपेक्षा मेंढीला जास्त होतो. मेंढी मान वाकडी करून गोल फिरते, गाभण असेल तर गाभडते. चांगला मुरघासही पहिल्या दिवशी मूठभर, मग हळूहळू वाढवत द्या.

सख्यांनो, कापणं, कुट्टी, तुडवणं ही कामं शेवटी बायाच करणार. तेव्हा यंत्र कुणाच्या नावावर आणि पैसे कुणाच्या खात्यात, हे गटाच्या बैठकीत आधी ठरवा. आणि यंदा वाडा उतरेल, तेव्हा त्या बाईला पाणी देताना विचारा, "ताई, मे महिन्यात चाऱ्याची अडचण किती दिवस पडते?" तिच्या उत्तरावरून आपल्याला किती पिशव्या भरायच्या ते कळेल.