गोवर, देवी आणि आपला इतिहास

१८९७ चा पुण्याचा प्लेग म्हटला की माझे विद्यार्थी पटकन रँडचे नाव सांगतात. त्याच साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग गायकवाडांच्या मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. हेही त्यांना ठाऊक असते, पण समाजसेवेचा धडा म्हणून; इतिहास म्हणून नव्हे. रोगराईचा इतिहास प्रस्थापितांच्या सोयीने लिहिला गेला, म्हणून प्लेगला त्यात जागा मिळाली. गोवराला तीही मिळाली नाही. गोवर दर दोन-तीन वर्षांनी वस्तीत यायचा आणि पोरे घेऊन जायचा. त्याची नोंद फक्त आयांच्या मनात राहिली.

अशीच एक नोंद माझ्या घरात आहे. १९७२ च्या दुष्काळात आजी सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला आली आणि पर्वतीच्या पायथ्याशी राहू लागली. पुढच्या वर्षी माझ्या दोन वर्षांच्या मावशीला गोवर निघाला. "बाया आल्यात," म्हणून उशाशी लिंबाचा पाला ठेवला. तेल, मटण, अंडी बंद झाली. पोर नुसत्या पेजेवर राहिली. पुरळ मावळले तेव्हा सगळ्यांना वाटले, सुटलो. मग ताप पुन्हा चढला, धाप लागली. बाराव्या दिवशी दवाखान्यात नेले. तिथे आजीला एवढेच विचारले गेले, "इतके दिवस काय करत होता?" त्या रात्री मावशी गेली. आजी मरेपर्यंत म्हणायची, "माझ्याच हातनं कायतरी चुकलं."

आमचे घर बौद्ध. १९५६ नंतर मरीआई घरातून गेली होती. मग गोवरात ती परत कशी आली? याला अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नकार टिकायला पर्याय लागतो. डॉक्टरकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडायची आणि वर फी द्यावी लागायची. देवी मात्र फुकट घरी यायची. अमेरिकेत १९६३ साली गोवराच्या लशीला परवाना मिळाला होता. मावशी त्यानंतर दहा वर्षांनी गेली. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ती लस आली १९८५ साली. चूक आजीच्या हातून झाली की आणखी कोणाच्या, हे वाचकांनीच ठरवावे.

गोवर एकटा क्वचितच मारतो. तो शरीराची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करतो आणि न्यूमोनिया, हगवण यांना वाट करून देतो. ज्या पोटात आधीच भूक आहे तिथे त्याचे काम सोपे होते. १९३२ हे साल आपल्याला पुणे करारामुळे पाठ आहे. त्याच साली लंडनमध्ये एलिसन या डॉक्टरांनी गोवर झालेल्या ३०० मुलांना अ जीवनसत्त्व दिले, ३०० मुलांना दिले नाही. पहिल्या गटात ११ मुले दगावली, दुसऱ्यात २६. तरीही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी या उपचाराची शिफारस करायला १९८७ साल उजाडले. मधल्या पंचावन्न वर्षांत मेलेली मुले बहुतांशी गरिबांची होती.

गोवराच्या विषाणूवर आजही थेट औषध नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे आणि मग चेहऱ्यावरून, कानामागून अंगभर उतरणारे पुरळ हा गोवर. पुरळाच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस तो पसरतो. मुलाला भरपूर पातळ पदार्थ द्यावेत, जेवण तोडू नये, अंगावरचे दूध चालू ठेवावे. आरोग्य केंद्रातून वयानुसार अ जीवनसत्त्वाचा डोस लगेच आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावा. पुरळ गेले म्हणजे संकट टळले असे समजू नये. ताप पुन्हा चढला, श्वास जलद झाला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, जुलाबाने डोळे खोल गेले, कानातून पू आला, बुबुळ पांढुरके दिसले, झटका आला किंवा मूल ग्लानीत गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डोळ्यात फूल पडलेली माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांतल्या काहींच्या डोळ्यांवर गोवराचीच खूण आहे.

१९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था पुण्यात डॉ. आंबेडकर मार्गावर आहे. ज्या हडपसरच्या परिसरात यशवंतरावांचा दवाखाना होता, तिथेच आज गोवराची लस बनते आणि देशोदेशी जाते. तरीही २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या झोपडपट्ट्यांत गोवराने मुले मेली. करोनाच्या काळात लसीकरण विस्कटले होते, त्याची किंमत पुन्हा त्याच वस्त्यांनी मोजली.

लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत मिळते, तीही फुकट. आपल्या गल्लीतल्या किती मुलांचे दोन्ही डोस झाले, हे प्रत्येक अभ्यास मंडळाने वहीत उतरवावे. सावित्रीबाईंच्या जयंतीला हार घालण्याआधी ती वही पुरी व्हावी, एवढे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.