कुत्रा घेऊन जोयड्याला जाताय? काळीच्या जंगलात काय चालतं, काय नाही

सुट्ट्या लागल्या की बेळगाव, खानापूर, चंदगड, गोव्याकडून जोयड्याला जाणाऱ्या गाड्या वाढतात. हल्ली त्यातल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटवर घरचा कुत्राही असतो. होमस्टेवाल्यांना पहिला प्रश्न हाच येतो: ‘कुत्रा आणला तर चालेल का?’ होमस्टेत चालेल की नाही, हे मालक सांगेल. पण जंगलाचं उत्तर वेगळं आहे.

आधी जागा समजून घ्या

जोयडा म्हणजे जुना सुपा तालुका. सुपा गाव धरणात बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. काळी नदी याच तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत कारवारला समुद्राला मिळते. वाटेत खोल दऱ्या, दाट झाडी, गणेशगुडीचं सुपा धरण. गुंदजवळच्या सिंथेरी रॉकचा सुमारे ३०० फुटी कातळ काळीच्या उपनदीवर, कानेरीवर आहे.

तालुक्यातलं बरंचसं जंगल काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. १९५६ चं दांडेली अभयारण्य आणि १९८७ चं अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला ‘काळी’ हे नाव मिळालं. त्याचं मुख्य कार्यालय दांडेलीत आहे.

नियम काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. तिथले रहिवासी आणि सार्वजनिक हमरस्त्यावरून पार जाणारे यांना सूट आहे. म्हणजे जोयडा-कारवार रस्त्याने कुत्रा गाडीत बसवून जाता येतं. पण मध्येच गाडी थांबवून त्याला झाडीत ‘जरा मोकळं’ करणं त्या सवलतीत बसत नाही.

सफारीच्या जीपमध्ये किंवा वनखात्याच्या निसर्गवाटांवर पाळीव प्राणी नेता येत नाहीत. कुत्र्याने भेकराचा पाठलाग केला, तर प्रकरण आणखी वाढू शकतं, कारण वन्यप्राण्याला हाकणं, कुत्रे घालून त्याचा पाठलाग करणं हे कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत येतं.

हा कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे खानापूरचं भीमगड, गोव्यातलं म्हादई आणि मोले, कोल्हापूरकडचं राधानगरी, सगळीकडे पाया तोच. राज्य बदललं म्हणून नियम बदलत नाही.

‘आमचा कुत्रा काही करत नाही’

हे बहुतेक खरंही असतं. पण प्रश्न फक्त चावण्याचा नाही, रोगाचाही आहे. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग वाघ, बिबट्या, सिंह आणि रानकुत्र्यांनाही होतो. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत या साथीत जवळपास एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत २० हून अधिक सिंह दगावले आणि त्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला.

काळीच्या जंगलात कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे आहेत. जगभरात प्रौढ कोळसुंदे अडीच हजारांच्या आत उरले असावेत, असा अंदाज आहे. ते कळपाने राहतात, म्हणून एकाला लागलेला रोग सगळ्या कळपात जातो. आजारी कुत्र्याची लाळ, शिंक, लघवी यांतूनही संसर्ग पसरू शकतो.

धोका कुत्र्यालाही आहे

- बिबट्या: नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. होमस्टेच्या अंगणात रात्री कुत्रा बांधून ठेवू नका, खोलीत घ्या.
- गवा आणि अस्वल: मोकळा कुत्रा गव्यावर भुंकतो, गवा मागे लागतो आणि कुत्रा जीव वाचवायला थेट मालकाकडे पळत येतो. पुढे काय होईल ते सांगायला नको.
- मगरी: दांडेलीजवळच्या काळीच्या पात्रात मगरी आहेत. कुत्र्याला नदीत उतरवू नका, काठावर पाणीही पाजू नका.
- धरणाचं पाणी: गणेशगुडीच्या खाली वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पात्र अचानक भरतं. कोरडा दिसणारा खडक थोड्या वेळात पाण्याखाली जाऊ शकतो.
- आग्या माश्या: सिंथेरीच्या कातळावर मोठमोठी पोळी असतात. तिथे आरडाओरडा, भुंकणं, धूर काहीच नको.
- गोचीड: यातून कुत्र्याला गोचीडताप होतो. शिवाय माणसांना होणारा माकडतापही गोचिडीतूनच पसरतो. १९५७ मध्ये शिवमोग्यातल्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि पुढे गोव्यात सत्तरी, सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागापर्यंत पोहोचला. डिसेंबर ते मे हा त्याचा जोराचा काळ, आणि नेमका तोच फिरायचा सीझन.

मग कुत्र्याला न्यायचं कुठे?

खाजगी होमस्टेचं आवार, मालकाची बागायत, गावातले रस्ते, शेताचे बांध इथे पट्ट्याने बांधून फिरवता येतं. मात्र आधी होमस्टेवाल्याला दोन गोष्टी विचारा: जागा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे का, आणि गावात मोकळे कुत्रे किती आहेत? जोयड्याच्या वाड्यांवर भातशेतीच्या राखणीला कुत्रे असतात. परका कुत्रा दिसला की ते अंगावर येणारच. त्यात त्यांचा दोष नाही.

कुत्र्यासोबत डोंगर चढायचाच असेल तर अभयारण्याबाहेरची जागा बघा. बेळगावकरांना येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे. चंदगड, तिळारी भागात संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तेव्हा तिथे वनखात्याकडे चौकशी करूनच जा.

निघण्याआधी

१. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टोच्या लसी वेळेत झालेल्या हव्यात. बूस्टर राहिला असेल तर निघायच्या किमान दोन-तीन आठवडे आधी द्या. लसीचं कार्ड सोबत ठेवा.
२. गोचीडनाशक औषध किंवा कॉलर डॉक्टरांना विचारून वापरा.
३. पट्टा आखूड आणि मजबूत घ्या. लांब सुटणारा पट्टा झाडीत अडकतो.
४. पाणी आणि भांडं घरून न्या. विष्ठा पिशवीत भरून परत आणा.
५. रेल्वेने कॅसलरॉक किंवा लोंढ्याला येणार असाल तर कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं. तो गार्डच्या डब्यातल्या पेटीतून किंवा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घेतल्यास तुमच्यासोबत येतो.

परतल्यावर कान, काख, बोटांच्या मधल्या जागा तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका. जंगलात जाऊन आल्यावर घरात कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. गावातला कुत्रा माणसाला चावला, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

कुत्रा सुटलाच तर?

त्याच्या मागे झाडीत शिरू नका, विशेषतः संध्याकाळी. शेवटचा दिसला तिथे थांबून हाका मारा आणि जवळच्या वनखात्याच्या नाक्यावर लगेच कळवा. दंड होईल म्हणून लपवू नका. जंगलात हरवलेला कुत्रा वाचायचा असेल तर पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.